झोपाळ्याची कडी कोणत्या खात्यात येते? बडोद्यात कॉर्पोरेशनकडून काम करून घेण्याची रीत

आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत लहान मुलांचे दोन झोपाळे आहेत. त्यातल्या एकाची साखळी वरच्या आडव्या नळीला ज्या कडीत अडकवलेली होती, ती कडी घासून घासून काडेपेटीतल्या काडीएवढी उरली होती. नातीला झोका देताना कुरकुर ऐकू आली म्हणून मान वर केली, तेव्हा दिसली. त्याच संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि एका अर्जात बागेतलं सगळं रडगाणं लिहून टाकलं: झोपाळा, बंद दिवे, चालायच्या पट्टीवरचे उचकटलेले पेव्हर ब्लॉक, तुंबलेलं स्वच्छतागृह, वाटेवर लोंबणारी गुलमोहराची फांदी. वर लिहिलं, 'उद्यान शाखा'. बाग त्यांची, म्हणजे बागेतलं सगळं त्यांचंच, असा माझा हिशोब.

झोपाळा आणि फांदी यांचं काम झालं. बाकी तीन गोष्टी जागच्या जागी. विचारायला गेले तर टेबलापलीकडच्या माणसानं अर्ज माझ्याकडे वळवून पेनाच्या टोकानं तीन ओळींवर टिकटिक केलं. "बेन, आमांथी त्रण अमारामां ना आवे." म्हणजे यातली तीन आमच्याकडे येत नाहीत.

त्याचं बरोबर होतं, घोडं माझं पेंड खात होतं. दिवे एका खात्याचे, ब्लॉक दुसऱ्याचे, संडासाची लाइन तिसऱ्याची. पाच अर्ज लिहायला हवे होते, मी एकच लिहिला. सोसायटीचं चिटणीसपद गळ्यात पडल्यापासून अशा चुका करत करत जे कळलं ते इथे क्रमानं मांडते आहे. बडोद्यात आपण मराठी माणसं 'कॉर्पोरेशन' म्हणतो, वर्तमानपत्रं 'पालिका' लिहितात, कागदावर ती वडोदरा महानगरपालिका असते. तिन्ही एकच.

पायरी पहिली: तक्रार आहे की मागणी, ते आधी ठरवा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक गाळतात. स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट पूर्वी इथे चालू होती का?

चालू होती आणि बिघडली, तर ती तक्रार. दिवा गेला, नळी फुटली, झाकण तुटलं. अशा कामांसाठी कॉर्पोरेशनचा 'वार्षिक इजारा' असतो. म्हणजे वर्षभराच्या किरकोळ दुरुस्तीचं काम ठरलेल्या दरानं एका इजारदाराकडे आधीच दिलेलं असतं. नवी मंजुरी लागत नाही. वॉर्डातल्या इंजिनिअरनं सांगितलं की इजारदाराचा माणूस येतो. त्यामुळे तक्रार लवकर सुटते, निदान सुटायला हवी.

नव्हतीच आणि हवी आहे, तर ती मागणी. नवी बाग, चालायचा नवा ट्रॅक, पावसाळी पाण्याची नवी लाइन. तिला बजेट लागतं, एस्टिमेट लागतं, टेंडर लागतं, मंजुरी लागते. मागणी कॉर्पोरेशनच्या अ‍ॅपवर तक्रार म्हणून टाकली तर दोन दिवसांत 'निकाल झाला' असा मेसेज येतो आणि आपण चिडतो. पण तिकडच्या माणसाकडे त्या रकान्यात दुसरं काही करण्यासारखं नसतंच.

मधला एक फसवा प्रकार आहे. ट्रॅकवरचे दहा ब्लॉक उचकटले, ती तक्रार. सगळाच ट्रॅक खचला, ती वरवर तक्रार दिसते पण कागदावर मागणी, कारण एवढं काम वार्षिक इजाऱ्यात बसत नाही. अशा वेळी दोन्ही करा. आज माणूस पडू नये म्हणून दहा ब्लॉकांची तक्रार, आणि सगळ्या ट्रॅकसाठी वेगळी मागणी.

पायरी दुसरी: खातं ओळखा

शहराचे चार झोन आहेत: उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. निवडणुकीचे वॉर्ड १९, प्रत्येक वॉर्डातून चार, असे ७६ नगरसेवक. रोजची कामं वॉर्ड ऑफिस आणि झोनचे इंजिनिअर बघतात. त्यापलीकडे काही खाती शहरभर पसरलेली आहेत: पाणीपुरवठा, ड्रेनेज, स्ट्रीट लाइट, उद्यान, इमारती.

एका बागेत यातली पाच खाती नांदू शकतात. झाडं, हिरवळ, खेळणी, माळी, बागेची वेळ हे उद्यान शाखेचं. दिव्याचा खांब स्ट्रीट लाइटवाल्यांचा, आणि खांबावर रंगवलेला नंबर अर्जात असला तर माणूस थेट त्या खांबाशी जातो. 'बागेच्या मागच्या बाजूचा दिवा' लिहिलंत तर तो बागेची मागची बाजू शोधत बसतो. ब्लॉक, भिंत, फाटक बहुधा सिव्हिलचं, म्हणजे बांधकामवाल्यांचं. संडासाची आतली सफाई एकाकडे, तुंबलेली लाइन ड्रेनेजकडे. पिण्याच्या पाण्याचा नळ पाणीपुरवठ्याकडे.

आता आपल्या खास बडोदेकरी दुखण्याकडे येते: भुवा. पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध अचानक जमीन खाली बसते आणि रिक्षाचं पुढचं चाक आत जातं, तो भुवा. लोक त्याला खड्डा समजून रस्त्याच्या खात्याकडे तक्रार करतात. खड्डा वरून पडतो: डांबर सुटतं, पाणी साचतं, खडी उडते. भुवा खालून पडतो. जमिनीतली जुनी ड्रेनेजची लाइन फुटते, आजूबाजूची माती हळूहळू लाइनीत वाहून जाते, वरचं डांबर पोकळीवर तरंगत राहतं आणि एक दिवस बसतं. म्हणून भुव्याची तक्रार आधी ड्रेनेजकडे करा. वरून नुसती माती-रोडा टाकून बुजवला तर पुढच्या जोरदार पावसात तो तिथेच पुन्हा उघडतो. भोवती बांबू आणि पट्टी लागेपर्यंत फोन सोडू नका, रात्री तो दिसत नाही.

एका आवारात किती मालक असू शकतात याचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे आपली कमाटीबाग. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या नावानं सयाजीबाग म्हणूनही ओळखली जाणारी ही बाग १८७९ची, ११३ एकरांची. बाग कॉर्पोरेशनची, तारांगण कॉर्पोरेशनचं, पण आतलं म्युझियम राज्य सरकारच्या खात्याचं. प्राणीसंग्रहालय कॉर्पोरेशन चालवतं, पण तिथले पिंजरे किंवा मांडणी बदलायची तर दिल्लीच्या केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. मधून विश्वामित्री वाहते, आणि तिच्यातल्या मगरींना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे नदीकाठी जेसीबी लावण्याआधी वन खात्याला विचारावं लागतं. ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर 'नदी साफ करा' असं सगळेच म्हणत होते. साफ करायची म्हणजे किती कार्यालयांच्या सह्या, ते तेव्हा पुष्कळांना कळलं.

पायरी तिसरी: जमीन कोणाची ते पाहा

मोकळी जागा दिसली की आपण म्हणतो, इथे बाग करा. पण ती जागा रेल्वेची असू शकते, युनिव्हर्सिटीची असू शकते, राजघराण्याची खासगी असू शकते.

गुजरातमध्ये नवा भाग वसवताना टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम करतात. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून त्यातून रस्ते आणि सार्वजनिक प्लॉट काढतात आणि उरलेली जमीन मालकांना फायनल प्लॉट म्हणून परत देतात. १९७६च्या नगररचना कायद्यात या वाटणीचं प्रमाण आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदानं-मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यासारख्या सोयींसाठी ५ टक्के. म्हणजे १०० हेक्टरांच्या स्कीममध्ये बागा-मैदानांसाठी ५ हेक्टर धरता येतात. तुमच्या भागातला तो तुकडा कुठे आहे, ते टीपी शाखेतून पार्ट प्लॅन, म्हणजे त्या भागाचा नकाशा काढलात की दिसतं. त्यावर फायनल प्लॉटचा नंबर असतो आणि एफ फॉर्म नावाच्या प्लॉटांच्या तक्त्यात त्याचा हेतू लिहिलेला असतो. मागणीत 'पाण्याच्या टाकीजवळची मोकळी जागा' असं न लिहिता टीपी नंबर आणि फायनल प्लॉट नंबर लिहा. त्या दोन आकड्यांनी अर्जाला वजन येतं, कारण मग 'जागा उपलब्ध नाही' असं उत्तर देता येत नाही.

सोसायटीच्या कंपाउंडच्या आतला कॉमन प्लॉट मात्र खासगी. तिथे कॉर्पोरेशन आपल्या पैशानं काही करत नाही. त्यासाठी राज्य सरकारची जनभागीदारीची ७०:२०:१० योजना आहे. ७० टक्के सरकार, २० टक्के सोसायटी, १० टक्के स्थानिक संस्थेच्या वाट्याचे. आतला रस्ता, ब्लॉक, पाण्या-ड्रेनेजची लाइन अशी कामं यातून होतात. एस्टिमेट १० लाखांचं निघालं तर सोसायटीनं २ लाख भरायचे. ४० घरं असतील तर घराला ५ हजार. गणित सोपं आहे, अवघड आहे ते चाळीस घरांना एका खोलीत बसवणं. साधारण सभेचा ठराव, सभासदांच्या सह्या आणि नोंदणीचा दाखला आधी तयार ठेवा. 'बघू, पैसे गोळा करू' म्हणून अर्ज दिलात तर फाइल तुमच्याच पायाशी अडकेल.

पायरी चौथी: अर्ज

एक काम, एक अर्ज. आमच्याकडे उरलेल्या तीन कामांचे तीन वेगळे कागद झाले, तेव्हा ती हलली.

भाषा गुजराती ठेवा. आपल्यापैकी अनेकांना बोलता येतं पण लिहिताना हात अडखळतो. माझाही अडखळतो, आमची सून लिहून देते. इंग्रजीतही चालतं, पण वॉर्डातल्या सुपरवायझरला जे एका नजरेत कळतं ते गुजराती. आमच्या आजोबांच्या काळी बडोद्याच्या दप्तरात मोडी चालायची. ते दिवस गेले.

मजकूर किती असावा? झोपाळ्यासाठी मी दुसऱ्यांदा लिहिला असता तर एवढाच:

"अमुक टीपी, अमुक फायनल प्लॉटवरील बागेत, मुख्य फाटकातून आत डाव्या हाताचा पहिला झोपाळा. साखळीची उजवीकडची वरची कडी अर्ध्याहून जास्त झिजली आहे. फोटो दोन जोडले आहेत. कडी बदलेपर्यंत झोपाळा बांधून ठेवावा. पोच मिळावी."

'बांधून ठेवावा' हे वाक्य विसरू नका. दुरुस्तीला वेळ लागू शकतो, पण धोका आजच थांबवता येतो, आणि ते लेखी सांगितलेलं असलं की दुर्लक्ष करणं जड जातं. फोटो काढताना कडीशेजारी नाणं किंवा पट्टी धरा, म्हणजे झीज किती ते दिसतं. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात फाटक किंवा बागेचा बोर्ड येईल.

अर्ज वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. अ‍ॅपवर टाकलीत तर तक्रार नंबराचा फोटो काढून ठेवा. मुख्य कार्यालयात द्यायचा असेल तर खंडेराव मार्केट. १९०६ साली सयाजीरावांनी आपल्या राजवटीच्या पंचविशीनिमित्त बांधून शहराला दिलेली ती देखणी इमारत. बाजूला फुलांचा बाजार असतो, त्यामुळे हजारीच्या, म्हणजे झेंडूच्या, वासातून वाट काढत आवक खिडकीशी पोचायचं. दुपारच्या जेवणाच्या वेळेला जाऊ नका, एवढं सांगते.

पायरी पाचवी: मागणीची फाइल कुठून कुठे जाते

तक्रारीचं काम इथे संपलं. मागणीचं इथून सुरू होतं.

अर्ज आला की इंजिनिअर जागा पाहतो, मोजमाप घेतो, सरकारी दरपत्रकावरून, ज्याला सगळे 'एसओआर' म्हणतात, एस्टिमेट बांधतो. ते झोनमार्गे वर चढतं. मग प्रश्न येतो की पैसे बजेटच्या कोणत्या हेडमधून, म्हणजे कोणत्या सदरातून. हेड सापडलं तर टेंडर निघतं, तेही ऑनलाइन, एन-प्रोक्योर या टेंडरांच्या वेबसाइटवर. आलेले भाव एस्टिमेटपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, यावर पुढचं ठरतं. फार कमी भाव आला म्हणून खूश होऊ नका. तीस-पस्तीस टक्के खाली जाऊन काम घेणारा कुठेतरी ते भरून काढणार, बहुतेक वेळा खालच्या थरात, जिथे आपल्याला दिसत नाही.

ठराविक रकमेपर्यंतची कामं कमिशनर आणि त्यांच्या हाताखालचे अधिकारी मंजूर करतात. त्यावरची दरखास्त स्थायी समितीपुढे, म्हणजे बोलीभाषेत 'स्टँडिंग'मध्ये जाते. नगरसेवकांतूनच निवडलेले १२ जण, कायद्यानं आठवड्याला बैठक. काही मोठे विषय पूर्ण सभेत जातात, जी महिन्यातून एकदा भरते. स्टँडिंगच्या अजेंड्यावर आपलं काम आलं का, ते गुजराती वर्तमानपत्रांच्या बडोदा पानावर बैठकीच्या आदल्या दिवशी बहुतेक वेळा कळतं.

यात एक आडवाट आहे आणि तिचा नंबर बडोद्यात पानवाल्यालाही पाठ असतो: ६७(३)(क). माणसांच्या जिवाला धोका असेल तर कमिशनर कॉर्पोरेशनच्या कायद्यातल्या या कलमाखाली आधी काम करवून घेऊ शकतात आणि नंतर समितीला कळवतात. भुवा पडला, भिंत कोसळायला आली, पूर आला, तेव्हा हे कलम लागतं. खऱ्या धोक्याच्या वेळी अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. पण नव्या बेंचसाठी ते लिहू नका, पुढच्या वेळी खरा धोका सांगाल तेव्हा कोणी ऐकणार नाही.

सगळं मंजूर झालं की वर्क ऑर्डर. त्यावरची मुदत तुमच्या डायरीत लिहा.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. आपल्याकडे कॉर्पोरेशन १९४९च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यावर चालतं. त्याच्या कलम ६३ मध्ये अनिवार्य कामं आहेत: रस्ते, दिवे, पाणी, गटारं, सफाई. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, आणि बागा, मैदानं, करमणुकीच्या जागा या ६६ मध्ये. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बारावं परिशिष्ट जोडलं, त्यातल्या १८ विषयांत बागा-मैदानं नावानिशी आली खरी, पण पैशाची ओढाताण झाली की कात्री आधी ऐच्छिक कामांवर चालते. म्हणून बागेची मागणी करताना तिच्यातला जो भाग अनिवार्य कामात बसतो तो वेगळा काढा. दिवा, पाण्याची लाइन, पावसाळी पाण्याचा निचरा यांना 'बागेचं सुशोभीकरण' या गाठोड्यात बांधू नका. सुशोभीकरण हा शब्दच अर्जातून काढून टाका, असं माझं मत आहे.

पायरी सहावी: कॅलेंडर सांभाळा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. साधारण जानेवारीच्या अखेरीला कमिशनर बजेटचा मसुदा स्टँडिंगपुढे ठेवतात, तिथे भर-कपात होते, मग सभेत चर्चा. पुढच्या वर्षीच्या कराचे दर कायद्यानं २० फेब्रुवारीच्या आत ठरायचे असतात, त्यामुळे हा सगळा खेळ महिन्याभरात आटपतो. मार्चमध्ये मागणी घेऊन जाणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं. तुमचा कागद दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच वॉर्डात आणि नगरसेवकांच्या हातात हवा.

नगरसेवक चार आहेत, चौघांनाही प्रत द्या. त्यांच्या वाट्याला वॉर्डातल्या कामांसाठी ठराविक रक्कम असते, आणि छोटी कामं, बेंच, शेड, जिमची साधनं, त्यातून पुष्कळदा होतात. निम्म्या जागा महिलांच्या असल्यामुळे चौघांतल्या दोन तरी बायका असतात. माझा अनुभव, बागेच्या आणि संडासाच्या कामाला त्या जास्त लक्ष देतात. मुदत संपून निवडणूक लांबली असेल तर प्रशासक बसलेला असतो, गुजरातीत 'वहीवटदार'. अशा वेळी कागद सरळ झोनकडे आणि कमिशनरकडे.

पावसाचंही कॅलेंडर आहे. जूनच्या मध्यापासून डांबराची कामं थांबतात. गटारं साफ करायला सांगायचं तर एप्रिल. श्रावण संपता संपता सगळी यंत्रणा गणपतीच्या मागे लागते. नवलखीसारखे कृत्रिम तलाव, त्यांचे दिवे, क्रेन, बॅरिकेड. त्या पंधरवड्यात तुमच्या ट्रॅकबद्दल विचारायला गेलात तर कोणी भेटणार नाही, आणि तसंच असायला हवं.

पायरी सातवी: काम सुरू झाल्यावर

कामाच्या जागी बोर्ड लावायचा असतो: कामाचं नाव, रक्कम, इजारदार, मुदत. नसेल तर मागा. झालेल्या कामाची मोजमापं मेजरमेंट बुकात चढतात, सगळे तिला 'एमबी' म्हणतात, आणि बिल तिच्यावरून निघतं. मोठ्या कामांवर थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरच्या संस्थेची तपासणी असते. आपण काय पाहायचं? ब्लॉक बसवताना खाली खडी-रेतीचा थर दाबला का, पाणी एका बाजूला उतरावं एवढा उतार दिला का, कडेचे दगड आधी पक्के केले का. कडेला आधार नसला की पहिल्या पावसात ब्लॉक पसरतात. झोपाळ्याखाली रेती हवी, काँक्रीट नको. हे तेव्हाच्या तेव्हा, काम चालू असताना सांगा. काँक्रीट घट्ट झाल्यावर आपलं म्हणणं बरोबर असून उपयोग नसतो.

टेंडरमध्ये 'डीएलपी' लिहिलेला असतो, म्हणजे काम संपल्यावर जितके महिने किंवा वर्षं इजारदारानं फुकट दुरुस्त करून द्यायचं तो काळ. रस्त्याचा वेगळा, खेळण्यांचा वेगळा. इजारदाराची डिपॉझिट तोपर्यंत अडकलेली असते. डीएलपी संपायच्या दोन महिने आधी एकदा सगळं फिरून बघा आणि जे बिघडलं असेल ते लेखी द्या. आमच्याकडे हे कोणी करत नव्हतं.

करमणुकीच्या जागा: भाडं भरण्याआधी

नगरगृहं, म्हणजे नाटका-सभांचे हॉल, अतिथिगृहं, तरणतलाव हे सगळं कॉर्पोरेशनचं, पण रोज चालवणारा माणूस पुष्कळदा इजारदाराचा. हे लक्षात ठेवा, कारण १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव कॉर्पोरेशनचा, चालवायला दिलेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हापासून शाळेची सहल असो की सोसायटीची, मी तिकीट काढण्याआधी क्षमतेचा बोर्ड कुठे आहे ते विचारते. बोर्ड नसेल तर मुलं काठावर. लोक हसतात, हसू देत.

त्याच वर्षी २५ मे ला राजकोटच्या गेम झोनच्या आगीत २७ जण गेले आणि राज्यभर हॉल, थिएटर, क्लासेस यांच्या फायर एनओसीची तपासणी सुरू झाली. म्हणून अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात किंवा गांधी नगरगृहात नाटक ठेवायचं असेल तर भाडं आणि डिपॉझिट यांच्या आधी दोन गोष्टी विचारा: एनओसीची तारीख काय आणि त्या महिन्यात दुरुस्तीसाठी हॉल बंद तर नाही ना. तिकिटं विकून झाल्यावर हे कळणं फार महाग पडतं. बुकिंगच्या पावतीवर एसी, ध्वनी, मेकअप रूम यांचे तास लिहून घ्या. तालमीचा वेळ बहुतेक ठिकाणी वेगळा धरतात.

तरणतलावांचं काम सोपं: बॅच, फी, डॉक्टरचा दाखला. लालबाग, सरदारबाग, कारेलीबागेतला राजीव गांधी तलाव, उन्हाळ्यात सगळीकडे गर्दी. पाण्याचा तळ स्वच्छ दिसतो का आणि जीवरक्षक काठावर उभा आहे का की ऑफिसात बसलाय, एवढं पाहून मगच नातवंडांना सोडावं.

कागद अडकला तर

आधी वॉर्ड, मग झोन, मग कमिशनर, या क्रमानं स्मरणपत्र. प्रत्येकात जुना आवक नंबर. त्यानंतर माहितीचा अधिकार. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तर ३० दिवसांत, न आलं तर पहिलं अपील.

'काम का झालं नाही' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला कायदा त्यांना बांधत नाही. कागद मागा. या आवक नंबरच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या शेऱ्यांची प्रत, एस्टिमेटची प्रत, वर्क ऑर्डर, एमबीची संबंधित पानं, थर्ड पार्टीचा अहवाल, डीएलपी संपण्याची तारीख. एका अर्जात एकाच कामाचे कागद.

तेही नाही हललं तर 'स्वागत'. मुख्यमंत्र्यांच्या तक्रार निवारणाचा हा कार्यक्रम २००३ पासून चालू आहे, खालच्या पातळ्यांवरही तो भरतो. तिथे जाताना आवकचा शिक्का असलेल्या सगळ्या प्रती तारखेवार लावून न्या, वर एका पानावर नुसत्या तारखा. आमच्या संडासाच्या लाइनीची तारखांची यादी नऊ ओळींची झाली होती. ती फाइल घेऊन निघायच्या आदल्या दिवशी ड्रेनेजची गाडी फाटकात उभी राहिली.